ग्रीस फासलेली रायफल
गॅरेजमध्ये ग्रीसचा वास आला की मला पेनसिल्व्हेनियातलं ते बंदुकीचं दुकान आठवतं. दोन हजार चार साल असेल. ग्रीनकार्ड नुकतं हातात पडलेलं, आणि ओळखीच्या एका रिटायर्ड डॉक्टरकाकांनी मला रविवारच्या नेमबाजीचा नाद लावलेला. आम्ही दोघं गेलो त्या दुकानात लष्करातून निघालेल्या, दुरुस्त केलेल्या जुन्या रायफली होत्या. सगळ्या ग्रीसने लडबडलेल्या, एकच कोरडी, चकचकीत. पुण्यात सेकंडहँड स्कूटर घेताना मी दोनदा फसलो होतो, त्यामुळे लगेच ओळखलं, ग्रीसखाली गंज लपवलाय. चकचकीत रायफलीकडे बोट दाखवलं तर दुकानदार म्हणाला, "ती नको, तिची नळी झिजलीय, नेम लागायचा नाही." म्हणजे चांगला माल हा स्वतःसाठी ठेवतोय! मी हट्टाने तीच घेतली. काकांनी ग्रीसवाली उचलली. "अरे, गंज चढू नये म्हणूनच लावतात ते ग्रीस," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, हेही त्याला सामील. पुढच्या रविवारी काकांच्या गोळ्या टार्गेटच्या मधोमध लागल्या आणि माझी एक शेजारच्या गोऱ्याच्या टार्गेटवर. "त्याला मदत करतोयस का रे?" काकांनी विचारलं. दुकानदार आणि काका दोघंही खरं बोलत होते, हे आता मला पटलंय. पण इतकं खरं का बोलत होते, हा संशय काही अजून जात नाही.