आत्याचा सव्वा डोंगर

माझ्या आत्याला मोटारीत बसवणं आजवर या पृथ्वीतलावर कोणालाही जमलेलं नाही. लग्न होऊन ती किल्लारीला गेली तीसुद्धा एस.टी.नं, आणि वऱ्हाडासाठी आणलेली जीप तेव्हा बसच्या मागं नुसतीच धावत होती, असं घरातली थोरली मंडळी सांगत. माझ्या लग्नाच्या वेळी मी मोठ्या हौसेनं तिला आणायला फुलं लावलेली गाडी पाठवली. आत्यानं त्या गाडीत आहेराची भांडी बसवली, दार नीट लावून घेतलं आणि स्वतः फाट्यावर जाऊन उभी राहिली. भांडी आधी पोचली, आत्या नंतर पोचली, आणि येताना बसमध्ये ओळख झालेल्या दोन बायांना जेवायला घेऊन आली. मोटारीचं एवढं वावडं का, असं मी एकदा विचारलं. "गाडीत मानसं नसत्यात रे," ती म्हणाली. "आपल्याच घरची तोंडं बगत जायचं तर घरीच बसावं की."

बस फलाटाला लागायच्या आत उघड्या खिडकीतून पिशवी टाकून जागा धरायची विद्या आमच्या मराठवाड्यात पोरांना शाळेच्या आधी येते. पण आत्याचा हात निराळाच. चालत्या बसमध्ये, हव्या त्या बाकावर, पिशवीतली दह्याची बरणी न सांडता ती नेम धरते. एका साखरपुड्याला निघालेल्या सगळ्या सोयऱ्यांसाठी तिनं एकटीनं जागा धरल्या होत्या; पिशव्या संपल्या तेव्हा तिनं एका तालेवार पाहुण्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवून आत टाकला. पाहुणे आयुष्यभर तिच्याशी बोलले नाहीत, पण त्या दिवशी बसून गेले. आणि बस आलीच नाही, तर ती थांबत नाही. चालू लागते. बस मागून येईलच, आली की घेईलच, तोवर बुडाला मुंग्या कशाला आणायच्या, असा तिचा हिशेब. औशाच्या रस्त्यावर तिला मधेच उचलून घेणारे ड्रायव्हर तिला नावानं ओळखतात.

अशी ही बाई मागच्या वर्षी परसात शेवाळावर पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण आमच्याकडं बातमी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना चांगली जाडजूड होते. मॉरिशसला साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या तिच्या मुलापर्यंत, म्हणजे माझ्या आत्तेभावापर्यंत, ती पोचली तेव्हा आत्या जवळजवळ गेलेलीच होती. आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती एकटी. आत्तेभावानं फोनवरून हुकूम सोडला की किल्लारीच्या घराला कुलूप घाला. आत्या आमच्याकडं लातूरला तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. लिफ्ट म्हणजे उभी केलेली मोटारच, म्हणून तीही वर्ज्य. दिवसातून चार वेळा जिना. दुपारी शहर बसमध्ये बसून ती कुठंही न उतरता परत यायची आणि रात्री जेवताना कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते आम्हाला सांगायची. आई गेल्यापासून मला घरात "आरं लेका" म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मला तिचं येणं फार आवडलं होतं. तिला मात्र आवडलं नव्हतं. संध्याकाळी ती खिडकीशी बसून औशाकडं जाणारा रस्ता कुठून निघतो ते शोधत राहायची.

मग आत्तेभावानं आत्याला आणि मला मॉरिशसला बोलावलं. महिनाभराचा पाहुणचार, असं वरवरचं कारण. आईला तिथंच ठेवून घ्यायचं, आणि ते नाही जमलं तर निदान लातूरला कायमचं बांधून टाकायचं, हे आतलं. आत्या विमानात आनंदानं बसली. रांगेनं खुर्च्या, खिडक्या, मधून फिरणारी बाई. तिच्या लेखी ती बसच होती. मधे कुठंच थांबत नाही, एवढी एक तक्रार तिनं त्या बाईकडं केली. बेटावर उतरल्यावर तर ती अजिबात बावरली नाही. काळा दगड, तांबूस माती, जिकडं बघावं तिकडं ऊस. "हे तर आपल्या औशाकडचंच हाय," ती म्हणाली. फक्त पलीकडं एवढं पाणी कामून ठेवलंय, ते तिला कळेना. आत्तेभावानं समजावलं की हे सगळं बेट ज्वालामुखीतून वर आलंय, पण आता तो निवालाय. आत्यानं नुसती मान डोलावली.

ठिणगी पडली ती गच्चीवर जेवताना. आत्या म्हणाली, महिना झाला की मी किल्लारीला जाणार. आत्तेभाऊ नाही म्हणाला. ती पुन्हा म्हणाली, तो पुन्हा नाही म्हणाला. शेवटी तो वैतागला. त्यांच्या गच्चीवरून लांबवर एक डोंगर दिसतो, मुठीतून अंगठा वर काढावा तसा. त्याच्याकडं बोट करून तो म्हणाला, "अंगणात नीट उभं राहता येत नाही तुला. त्या डोंगरावर स्वतःच्या पायानं जाऊन ये, जाताना येताना तुझ्या लाडक्या बसनं, आणि मग खुशाल जा किल्लारीला." वैतागलेला माणूस बोलतो तसं तो बोलला होता. पण आत्यानं ताटावरून हात उचलला. "शब्द दिलास," ती म्हणाली. "ह्यो साक्षीदार."

साक्षीदार म्हणजे मी.

उजाडायच्या आत स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. पीठ तिनं लातूरहून आणलं होतं. भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत भरून, नऊवारी जरा वर खोचून आणि पायात माझ्या बायकोचे जुने कॅनव्हासचे बूट घालून ती दारात उभी राहिली. आत्तेभाऊ मोटारीची किल्ली हातात घेऊन दारापर्यंत आला. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पहिली बस सुखानं मिळाली. सेंट पियर नावाच्या गावी बदलायची होती, तिथं घोटाळा झाला. तिथली माणसं बससाठी रांगेत उभी राहतात. आत्याला हा प्रकार नवीन. दुसरी बस वळून आत येताना दिसली आणि माझ्या लक्षात येण्याआधी तिचा हात फिरला. पिशवी उघड्या खिडकीतून जाऊन एका बाईंच्या मांडीवर बसली. लाजून मी आत्याला ओढत रांगेच्या शेपटाला नेलं. रांग पुढं सरकली, बस भरली, आणि आमच्या भाकऱ्या, चटणी, कांदा नि सगळं पाणी घेऊन ती निघून गेली.

मी हबकलो. उपाशी नि तहानलेल्या सत्तरीच्या बाईला डोंगरावर नेणं शहाणपणाचं नाही, परत जाऊ, असं मी म्हणालो. तसं म्हणताना आतून मला थोडं बरंही वाटत होतं. आत्या मात्र शांत. पिशवी बसमध्ये आहे, बसमध्ये कंडक्टर आहे, मग फिकीर कसली, असं तिचं म्हणणं. मागून आलेल्या बसचा कंडक्टर चांगला म्हातारा होता आणि भोजपुरी बोलत होता. त्याची भोजपुरी आणि हिची आमच्याकडची दखनी वळणाची हिंदी अशा काही एकमेकींत मिसळल्या की डोंगराचा थांबा येईपर्यंत त्याच्या तीनही मुलींची लग्नं आम्हाला पाठ झाली. पिशवी निळ्या कापडाची आहे एवढं पुढच्या गाडीला कळवतो, म्हणाला.

उसाच्या शेतामधून वाट निघाली. शेतातून वेचलेल्या काळ्या दगडांचे ढीग दोन्ही बाजूंना रचलेले. आत्या जाता जाता त्यांना नावं ठेवत होती, आपल्याकडं असते तर बांध घातले असते म्हणून. पुढं झाडी लागली. तिथं बोराएवढे लाल पेरू लगडले होते. ते तिनं ओटीत भरून घेतले, आणि तहानेचा प्रश्न तिथंच संपला. चढण वाढली तशी मी वारंवार मान वर करून शेंडा बघत होतो, आणि बघितला की तो आणखी लांब जात होता. आत्या कधीच वर बघत नव्हती. पायापुढचा दगड बघायची, पाय ठेवायची, पुढचा बघायची. असंच तिनं आयुष्यभर रान खुरपलं असणार. वाटेत भेटलेल्या तरुण गोऱ्या जोडप्याला तिनं पेरू दिले आणि मागं टाकलं.

शेवटचा टप्पा म्हणजे नुसता उभा खडक. हातापायांनी चढायचं. आत्या लुगड्याचा काष्टा आवळून चढून गेलीसुद्धा, आणि मी मधेच एका खाचेत बसलो. माझ्या छातीत भाता चालला होता. वरून तिचं डोकं दिसलं. मी म्हणालो, तू पोचलीस, मी इथून पाहिलं, झालं. मग ती तो खडक परत उतरून खाली आली आणि माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "साक्षीदार वर न्हाई तर माझ्या चढण्याला काय किंमत हाय? ऊठ." अशी त्या दिवशी माझी आत्या तो डोंगर सव्वा वेळा चढली, आणि वरच्या पावाला ती मला ओढत होती.

वर वारा भन्नाट होता. एका बाजूला बंदर, जहाजं, समुद्र. दुसऱ्या बाजूला उसाचा हिरवा पसारा. आत्यानं समुद्राकडं जेमतेम पाहिलं. ती खाली बसली आणि खडकावर तळवा टेकवून राहिली.

"हे निवालंय म्हन्तो न्हवं त्यो?"

"हो. लाखो वर्षं झाली."

"आमची जमीन तर कदीच तापली नव्हती, तरी हादरली," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं हात उचलला, लुगड्याला पुसला आणि आता उतरू म्हणाली.

खाली थांब्यावर बस आली तेव्हा दारात उभा असलेला कंडक्टर निळी पिशवी हातात धरून हसत होता. तो सकाळच्या पुढच्या गाडीचा. भाकऱ्या जशाच्या तशा. त्यातली एकही त्यानं खाल्ली नाही, म्हणून आत्यानं त्याला सगळ्या बससमोर झापलं आणि चटणीसकट दोन भाकऱ्या त्याच्या हातात दिल्या. बस कारखान्याच्या वसाहतीच्या थांब्यावर पोचली तेव्हा दिवे लागायचे होते. आत्तेभाऊ मोटार घेऊन तिथं उभा होता, केव्हापासून कोण जाणे. आत्या मोटारीच्या पुढून चालत गेली. त्यानं मोटार तिथंच सोडली आणि आमच्याबरोबर चालू लागला. मग माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "खरंच वर गेली होती?"

त्याच्या तोंडावर आशा होती, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात होती. मी नुसतं मोघम काही बोललो असतो तरी भागलं असतं. आत्या लातूरला राहिली असती, आमच्या घरात. आत्या माझ्याकडं बघतही नव्हती. तिचा साक्षीदारावर विश्वास होता.

"सव्वा वेळा," मी म्हणालो.

आत्तेभाऊ आत्याच्या जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "आणि पुन्हा पडलीस तर?"

आत्या थांबली. "भूकंपात आख्खं गाव पडलं व्हतं आपलं," ती म्हणाली. "तवा कुनी सोडून गेलं का? पुन्यांदा मांडलंच न्हवं. मी तर शेवाळावर पडले." पुढं तिनं मुलाचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

आता ती किल्लारीला आहे. परसातलं शेवाळ खरवडून तिथं फरशी घातली आहे, एक शेळी पाळली आहे, आणि बेटावरचा डोंगर फाट्यावर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला सव्वाच्या हिशेबानं ऐकवून झाला आहे. मुलाशी ठरल्याप्रमाणे रोज संध्याकाळी ती मला फोन करते. "आज बी पडले न्हाई," एवढंच म्हणते आणि विजयी वीरासारखा फोन ठेवून देते. मी तोच निरोप समुद्रापलीकडं धाडतो. नंतर आमच्या तिसऱ्या मजल्यावर भलतंच शांत होतं. साक्ष दिली ती खरीच दिली, आणि ते चांगलंच झालं. पण तिच्यावाचून मला करमत नाही, आणि त्याला मात्र साक्षीदार कोणी नाही.