भीमपलासाची पंधरा मिनिटं

मी स्वरमंडल वाजवते असं सांगितलं की सत्तरच्या दशकातलं सोलापूर हसायचं. स्वरमंडल कुठं वाजवायचं असतं? ते गवयाच्या मांडीवर असतं. तीसेक तारांचं हे चपटं वाद्य. गाता गाता गवई त्यावरून एक बोट फिरवतो, सूर घुमतात, झालं. माझं काम त्याच्याही आधीचं. आमचे बुवा बैठकीत जो राग गाणार असतील त्या रागात एकेक तार चावीनं जुळवायची, स्वरमंडल त्यांच्या हाती द्यायचं आणि मागं बसून तानपुरा छेडायचा. आठ वर्षं मी हेच केलं. बुवांनी मला जीव ओतून शिकवलं, ते मी नाकारत नाही. पण माझे हात चावी फिरवण्यापुरतेच, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

शाळेतल्या एका बाईंनी मला एकदा परदेशातलं एक चित्र दाखवलं. एक बाई माणसाएवढं तारांचं वाद्य खांद्याला टेकवून बसली होती. त्याला हार्प म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मला वाद्याचं फारसं नवल वाटलं नाही. तिच्यापुढं कुणी गाणारा नव्हता, त्याचं वाटलं. मीही एकटीच वाजवीन आणि त्यावरच पोट भरीन, असं मी घरी जाहीर केलं. वडील गिरणीत विणकर. त्यांनी आईकडं बघून नुसता सुस्कारा सोडला.

आमच्या गल्लीत दारोदार माग. त्या खटखटाटात तार ऐकू यावी म्हणून मी ती इतक्या जोरात छेडायची की बोटं सोलून निघायची. मला वाटायचं, असंच वाजवतात. बुवांच्या शांत खोलीत पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ते दचकून म्हणाले की हे स्वरमंडल आहे, कारखाना नाही. मग मी मागांच्या सुट्टीच्या दिवसाची वाट बघायला लागले. या वाद्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, असं जाणकार सांगायचे. अंगण वाकडं होतं हे मलाही दिसत होतं, पण मला नाचायचं होतं. डाव्या अंगठ्यानं तार दाबून थोडीशी मींड काढायला मला दोन वर्षं लागली.

गावातल्या संगीत मंडळाचे चिटणीस वकील होते. त्यांच्या घरी खेटे घालून घालून मी पंधरा मिनिटं मिळवली. रविवारी पाच वाजता मी, माझ्यानंतर बाहेरगावचे एक मोठे गवई. सकाळपासून बसून मी सगळ्या तारा भीमपलासात लावल्या.

साडेचारला पाहुणे आले. प्रवासात त्यांच्या स्वरमंडलाची पाटी तडकली होती आणि त्यांना मारवा गायचा होता. बुवांनी सगळ्यांदेखत मला सांगितलं की तुझं मारव्यात जुळवून दे. भीमपलास आणि मारवा यांचं कुठं जमतं? जवळजवळ सगळं स्वरमंडल फिरवावं लागलं असतं आणि एकदा फिरवलेल्या तारा दिवसभर जागेवर राहत नाहीत. माझी पंधरा मिनिटं गेली असती. वकील म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. धुतलेलं धोतर नेसून शेवटच्या रांगेत बसलेले वडील उठून पुढं आले.

"दे की पोरी," ते म्हणाले. "मोठ्या मान्सास्नी न्हाय म्हनू ने."

त्यांना नाही म्हणणं सगळ्यांत अवघड गेलं. बुवांकडं वळून मी म्हणाले, "यातली एकही तार मी फिरवणार नाही. आधी मी वाजवीन. मग वाद्य त्यांचं."

बुवांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "यापुढं तुला कुणी साथीला बोलावणार नाही," ते म्हणाले. "मी बोलावू देणार नाही."

मी जाऊन पुढं बसले. पहिली ओळ चुकली, दुसरीत गंधार सापडला. मला राग आला होता, आणि खरं सांगते, तो राग त्या दिवशी माझ्या फार उपयोगी पडला. पंधराची वीस मिनिटं झाली. टाळ्या बेताच्याच पडल्या.

वाद्य मी नेऊन पाहुण्यांच्या पुढं ठेवलं. त्यांनी ते हळूच बाजूला सारलं आणि दोन तानपुऱ्यांवर असा मारवा गायले की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे त्यांचं काहीच अडलं नव्हतं. अडलं असतं ते फक्त माझं, आणि तेच सोडून दे असं सगळे मला सांगत होते.

बुवांनी शब्द पाळला. त्यांच्या घराचं दार बंद झालं, त्याचं दुःख आजही आहे, पश्चात्ताप नाही. गावात मला कुणी साथीला बोलावलं नाही. त्यानंतर ज्याला म्हणून मला बोलवायचं होतं, त्याला माझं वाजवणं ऐकायलाच बोलवावं लागलं.