मूठभर कोंडा

दुपारची भांडी घासून मी ओसरीवर पालथी घालत होते, तेवढ्यात राघो दारात येऊन उभा राहिला. राघो मिठागरावरचा जुना माणूस. गुडघ्यापर्यंत पाय मिठानं पांढरे, आणि एरवी लांबूनच हाक देत येणारा, तो आज हाक न देताच आला होता. मग म्हणाला, "बाय, भाऊ काट्यापाशी खाली बसलं... ते उठलंच नाय." मी त्याच्या पायांकडे बघत राहिले. पायांवरचं मीठ वाळून तडकलं होतं, त्या वेळचं एवढंच मला नीट आठवतं. आणि मनात पहिला विचार आला तो लिहायलाही लाज वाटते. मला वाटलं, आता कल्याणची बातमी कोण आणणार?

ह्याला आता सात आठवडे झाले. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. वडिलांनी हौसेनं चार इयत्ता शिकवलं, ते आजवर पोथी वाचण्यापुरतं उपयोगी पडलं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागदापुढे भीती थोडी कमी वाटते. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि लिहितानाही हात धजत नाही. म्हणून 'हे' असंच लिहीन. हे ठाण्याच्या खाडीवर मीठ तोलायच्या काट्यावर कारकून होते; मिठागरावर सगळे ह्यांना भाऊ म्हणत. घरी आले की दोनदा पाय धुवायचे, पाटावर बसायचे आणि पहिला घास घेऊन म्हणायचे, "सगळ्या मुलुखाला मीठ आम्ही तोलून देतो, आणि आमच्या घरची आमटी अळणी." आमटी अळणी नसायची. मी हसावं म्हणून ते म्हणायचे, आणि मी हसले की मग निवांत जेवायचे.

नऊ वर्षांपूर्वी ह्यांचे गुडघे धरले. वैद्यबुवा म्हणाले, वज्रेश्वरीला जा, गरम कुंडात आठ दिवस बसा. मला तिथं जायचं नव्हतं. चैत्रात तिथं माणसं बिऱ्हाडं घेऊन येतात, मुलाबाळांसकट. कोणी जावळ काढायला, कोणी नवस फेडायला, कोणी नुसतं चार दिवस मजेत राहायला. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. ठाण्यात लोकांना त्याची सवय झाली होती. पण नव्या गावात नवे डोळे. मी एखाद्या मुलाकडे पाहिलं की त्याची आई त्याला पदराआड घेणार, हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या नजरेची मला स्वतःलाही भीती वाटे. लोक म्हणतात त्यात काही असेल तर...?

आगगाडीनं कल्याणला उतरलो आणि पलीकडे बैलगाडी धरायची म्हणून खाडीवर होडीत बसलो. माझ्या शेजारी कल्याणच्याच एक पोक्त बाई होत्या, येसूकाकू. मांडीवर नातू, बाजूला त्याची आई दुर्गी, तोंडातून शब्द न काढणारी. होडी सुटायच्या आत काकूंनी विचारलं, "मुलं बरोबर नाही आणली?" मी खाली पाहिलं. हे पुढं पाठमोरे बसले होते. मान न वळवता म्हणाले, "घरी ठेवली आजीपाशी. ठकी आणि सदू."

"केवढी आहेत?"

"ठकी नऊ वर्षांची, शहाणी आहे. सदू सहा वर्षांचा. फार द्वाड."

मला वाटलं, होडी कलंडली. पलीकडे उतरल्यावर मी हळूच विचारलं, "हे असं काय सांगणं झालं?" हे म्हणाले, "आठ दिवसांचा प्रश्न. आठ दिवस तुझ्याकडे कोणी वाकडं बघणार नाही."

"आणि कळलं तर?"

"ठाण्याला कोण येतंय बघायला? आणि सदू खरंच द्वाड आहे. तूच त्याला पाठीशी घालतेस."

पण काकूंचं बिऱ्हाड नेमकं आमच्याच शेजारी पडलं, त्याच गुरवाच्या घरात, मध्ये एक कुडाची भिंत. बायका एकत्र कुंडावर जात, तांदळाची पुरचुंडी गरम पाण्यात सोडून भात शिजायची वाट बघत, मुलं भोवती ओरडत असत. त्या मला जागा करून देत. कोणी म्हणे, जरा ह्याला धरा हो, आणि खुशाल आपलं लेकरू माझ्या कडेवर देई. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यातलं सुख मला घेता आलं नाही. ठकीचे केस केवढे आहेत, सदूला दात कधी आले, कोण काय विचारील आणि मी काय चुकेन, ह्याच धास्तीत दिवस जाई. हे मात्र रोज काहीतरी नवं सांगून येत आणि मला ते पाठ करावं लागे. काकूंनीच आग्रह केला म्हणून जत्रेतून ह्यांनी एक लाकडी बाहुली आणि एक भोवरा घेतला. घेताना भोवरा तीनदा बदलून घेतला, सदूला लाल रंग आवडतो म्हणून.

पाचव्या दिवशी काकू माझ्यापाशी येऊन बसल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, दुर्गीची आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. हा तिसरा, चार महिन्यांचा. "तुझी दोन्ही जिती आहेत, बाई. उद्या सकाळी पोर सुपात घालून तुझ्या ओटीत देते. तू ते आपलं म्हण आणि मूठभर कोंड्यावर आम्हाला विकत दे. सटवीला वाटू दे की हे पोर आमचं नव्हेच." अशी मुलं विकत घेतलेली मी पाहिली होती; आमच्या आळीत एक धोंडू आणि एक भिकी होती. पण विकणारी बाई लेकुरवाळी लागते. तिच्या घरचं आयुष्य त्या मुलाला मिळावं म्हणून तर ते करायचं. माझ्या घरी कुणाचं आयुष्य होतं?

हे कुंडात पाय सोडून बसले होते. मी मागं उभी राहून सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आता खरं सांगावं."

ह्यांनी पाय पाण्याबाहेर काढले. मग म्हणाले, "आता सांगितलं तर तुला इथून दगड मारून घालवतील. आणि पुढं पोराला काही झालं तर म्हणतील, वांझेनं पाच दिवस मांडीवर घेतलं होतं."

"आणि न सांगता केलं, आणि काही झालं तर?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षांत मी ह्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली नव्हती, ती तेव्हा पाहिली. "बोललो मी," हे म्हणाले. "काय व्हायचं ते माझ्या माथी होऊ दे." पण मला वाटलं, देव काय असं कुणाच्या सांगण्यावरून माथं बदलतो?

सकाळी मी आजारी पडायचं ठरवलं होतं. तेवढंही मला जमलं नाही. काकूंनी पाटावर बसवलं, सूप पुढं केलं. पोर जागं होतं. ओटीत घेतल्याबरोबर त्यानं माझं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि सोडीना. दुर्गी माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की जणू मीच देवी. मी म्हटलं, "हे पोर माझं." एवढं बोलून थांबले... पुढचे शब्द सांगायचे होते, पण क्षणभर सुचेनात. मग म्हटलं, "मूठभर कोंड्यावर तुला दिलं." काकूंनी माझ्या पदरात कोंडा टाकला आणि पोराची मूठ सोडवून घेतली. "आता हा कोंडू," त्या म्हणाल्या. "जगला तर दर चैत्रात ह्याचा कोंडा तुला देईन."

ठाण्याला परत आले ती मी भीतीच घेऊन आले. कल्याणकडचं माणूस दारात आलं की मी माजघरात शिरे. पुढच्या चैत्रात हे कामासाठी म्हणून कल्याणला गेले आणि येताना फडक्यात बांधलेला मूठभर कोंडा घेऊन आले. म्हणाले, "कोंडू चालायला लागला." मी देवापुढं डोकं टेकलं आणि कोंडा गाईला घातला. त्या वर्षापासून दर चैत्रात कोंडा आला. कोंडू बोबडं बोलतो. कोंडूला गोवर आला होता, उठला. कोंडू धुळाक्षरं गिरवतो. मी ऐकायची आणि ह्यांच्या तोंडाकडे बघायची. कोंडा काय, भात कांडणाऱ्या कुठल्याही घरी मिळतो. आणि सदूला लाल रंग आवडतो असं सांगताना ह्यांचा चेहरा अगदी असाच असे. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांनी खरं सांगितलं असतं, ह्याचीच मला भीती होती.

आता चैत्र लागला. दीर पनवेलहून निरोप पाठवतात की पौर्णिमेनंतर न्यायला येतो. तिथं गेल्यावर मला कल्याण मेल्यासारखंच. म्हणून गेल्या सोमवारी, राघो ह्यांचं काट्यावर राहिलेलं उपरणं द्यायला आला, तेव्हा दाराआडून मी त्याला म्हटलं, माझं एक काम करशील का. परक्या माणसाला काम सांगायची ही माझी पहिलीच वेळ. ह्यांच्या बोलण्यातून ऐकलेली घराची खूण सांगितली, येसूकाकूंचं नाव सांगितलं. म्हटलं, एवढंच बघून ये, की त्या घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे का. तो मिठाच्या होडीबरोबर गेला. दोन दिवस मी चूल पेटवली आणि विझवली.

बुधवारी तो आला आणि ओसरीवर एक पुरचुंडी ठेवली. मला उचलवेना. "म्हातारी लय कडक हाय, बाय," राघो म्हणाला. "मला म्हनली, तुज्या बाईला सांग, तिला पोरबाळ नाय ते आमाला पयल्याच साली कळलं. भाऊनीच येऊन सांगितलं. म्हनली, मी त्यांना उंबऱ्यावरनंच हाकललं. दुसऱ्या साली परत आलं, परत हाकललं. तिसऱ्या साली आलं तवा पोरगंच दारात खेलत व्हतं, त्यांचं बोट धरून आत घेऊन आलं. मंग काय करनार, म्हनली. मंग कोंडा बांधून दिला."

"आणि पोर?"

"पोर? ते चिचंवर चढलेलं. म्हातारी खालनं श्या घालत व्हती."

तो गेल्यावर मी वर्षं मोजली. म्हणजे पहिल्या दोन वर्षांचा कोंडा तिथला नव्हता. दोन वर्षं हे तिथं जाऊन बोलणी ऐकून येत, वाटेत कुठूनतरी मूठभर कोंडा मागून फडक्यात बांधत, आणि घरी येऊन दोनदा पाय धूत. मला सांगितलं नाही, कारण काकूंना कळलंय हे मला कळलं असतं, तर मी कल्याणच्या नावानंही मेले असते. माझा स्वभाव ह्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होता.

जाताना राघोनं म्हातारीचा आणखी एक निरोप सांगितला. पुढल्या चैत्रात कोंडा न्यायला आईनं यावं. ह्या पांढऱ्या कपाळानं मी त्या उंबऱ्यावर कशी उभी राहू, पोरानं समोर येऊन माझ्याकडे पाहिलं तर मी काय करू... भीती गेलेली नाही. पण पनवेलला पत्र टाकलं आहे की एवढं वर्ष मी इथंच राहते.

कोंडा यंदा गाईला घातला नाही. देवळीत ती बाहुली आणि तो लाल भोवरा नऊ वर्षं आहेत. कल्याणहून आले की हे तिकडं बघून म्हणायचे, "काय सदू, आईला त्रास दिलास का?" पुरचुंडी मी तिथंच ठेवली. देवळी लहान आहे. ठकीला थोडं सरकवावं लागलं.