जिला मागता येत नाही, तिचं विज्ञान

सुलभा गेल्याचा फोन तिच्या भावाने केला, तेव्हा मी तिलाच भेटायला पणजीच्या इस्पितळात निघून साखळीच्या बसस्टँडवर उभी होते. पणजीची बस समोरून सुटली… मी चढलेच नाही.

मुळगावच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. दोन वर्षांपूर्वी आठवीत दीक्षा आली. घर सावंतवाडीकडचं, बाप खाणीच्या ट्रकवर. तिच्या बोलण्याला मुली हसल्या, तशी ती बोलायचीच बंद झाली. प्रयोगाच्या तासाला चौघींच्या गटात हात मागे बांधून उभी राहायची. "हिला विज्ञानाची गोडीच नाही," मी म्हटलं. सुलभा चिडली. "गोडी लागतली कशी गो? चौघींत एक सूक्ष्मदर्शक. जिला 'माका दी' म्हणता येत नाही, तिचं विज्ञान थंयच, त्या मेजापाशीच सोंपता."

त्यानंतर प्रत्येक प्रयोगाआधी ती दहा मिनिटं मुलांना नुसतं बोलायला शिकवायची. मागायचं कसं, दुसऱ्याचं ऐकायचं कसं, कुणी चुकलं तर का हसायचं नाही. अभ्यासक्रम मागे पडतोय म्हणून मुख्याध्यापक कुरकुरले; तिने दाद दिली नाही. दिवाळीनंतर एकदा दीक्षाच्या तोंडून शब्द फुटले, "माका बघूंक दी." भिंगाखाली कांद्याचा पापुद्रा होता, पेशी दगडी कुंपणासारख्या एकीला एक लागून रचलेल्या. ती ओरडलीच, "टीचर, ह्यो तर चिऱ्यांचो गडगो!" त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुढे वर्षभर तिचे प्रश्न संपेनात.

मग सुलभाचं आजारपण. बदली शिक्षक प्रयोग पडद्यावर दाखवू लागले. कुणाला कुणाकडे काही मागावंच लागेना. दीक्षा हळूहळू पुन्हा मुकी झाली… मी बघत होते. ती दहा मिनिटं मलाही घेता आली असती. माझा विषय नव्हे, असं स्वतःला सांगत राहिले.

शेवटच्या भेटीत इस्पितळात सुलभाने विचारलं, "दीक्षा प्रश्न विचारता मगे अजून?"

"विचारता तर! डोकं खाता सगळ्यांचं."

ती हसली आणि डोळे मिटून पडून राहिली. खरं सांगायला मग वेळच उरला नाही.

गेल्या आठवड्यात दीक्षाने विज्ञान प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. का, म्हणून विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "माका नाय कळत त्यातला, टीचर."

मधल्या सुट्टीत सुलभा प्रयोगशाळेचं दार उघडं टाकून बसायची; ज्याला वाटेल त्याने आत यावं. हल्ली मी बसते. मुलं व्हरांड्यातून धावत जातात, आत कुणी डोकावत नाही. घंटा झाली की मी कुलूप लावते.