नकाशावरचा मनीषाचा ठिपका

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही – घरी नाही, मित्रांना नाही. तुम्हाला सांगतोय, पण सुरुवात कुठून करू? ॲपपासूनच करतो.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या वर्षाला मी एक साधं ॲप बनवलं – अंबडची एसटी आत्ता कुठं आहे, एवढंच दाखवणारं. गाडीत बसलेल्याचा फोन जागा कळवायचा, फाट्यावर थांबलेल्याला ती दिसायची. नकाशावर पहिला ठिपका हलला तेव्हा मी उडीच मारली! आठवड्याभरात गावातली सगळी कॉलेजची पोरं-पोरी ते वापरायला लागली. आत्ता लिहितानाही हात घाई करतोय.

पण गाडीतून उतरल्यावरही फोन जागा कळवतच राहायचे. मला हे तिसऱ्या दिवशीच कळलं. दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली असती. मग का नाही केलं? – मजा येत होती. कोण कुठं जातं, सगळं नावानिशी माझ्या स्क्रीनवर!

त्यातला एक ठिपका माझ्या चुलतबहिणीचा, मनीषाचा. कॉम्प्युटर क्लासच्या वेळेला तो अंबडच्या मैदानावर गोल फिरायचा. मी एकदा लपून पाहून आलो. ती पोलीस भरतीसाठी पळत होती, तिची मैत्रीण शबाना मोबाईलवर वेळ मोजत होती. घरी कुणालाच याचा पत्ता नव्हता.

एकदा काकांच्या मोटारसायकलवर मागं बसलो होतो. काका चिडवायला म्हणाले, "काय इंजिनियरसाहेब, गाडी कुठं हाय ते कळतं तुला. आमची मनी क्लासमधी काय करून राह्यली, ते कळतं का?"

आणि मला – कसं सांगू – मला कळतं, हे दाखवायचं होतं. "क्लास कुठला, काका? ती तर मैदानावर पळते," मी हसत म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मनीषाचं अंबडला जाणं बंद. काकांनी तिला माझं नाव सांगितलं नाही. शबाना भेटायला आली तेव्हा मी तिथंच होतो.

"तुझ्याबिगर कुणालाच माहीत न्हवतं," मनीषा दारातूनच म्हणाली. "मंग कोण सांगितलं गं?"

शबाना उभ्या उभ्या रडली. मी मोबाईलमध्ये बघत राहिलो.

त्या संध्याकाळी मी ॲप दुरुस्त केलं. पुढं त्याला कॉलेजात बक्षीस मिळालं, टाळ्या ऐकून मला आनंद झाला – तेही खरं आहे. मनीषाची भरती हुकली. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

शबानानं काहीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.