बाळंतिणीच्या खोलीत विचारलेलं नाव

मी सहजासहजी कुणाला मोठं म्हणणारी बाई नाही. माझ्या तोंडाला माझी सख्खी बहीणसुद्धा टरकून असते. पण नर्सबाईंचा विषय निघाला की आजही मी पदर सावरून नीट बसते आणि घरातले हसतात. हसू देत. त्यांनी नर्सबाईंना पाहिलेलं नाही.

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढं, बैलगाडीनं दोन तासांवर. निजामाचं राज्य होतं, सासरे गावचे पाटील, आणि घरात गोषा इतका कडक की दोन घरं सोडून हळदीकुंकवाला जायचं तरी गाडीला पडदे लागायचे. लग्नात नवऱ्यानं तांदळात बोटानं माझं नवं नाव लिहिलं, ते त्यानंतर कुणी घेतलं म्हणाल तर क्वचितच. सासूबाईंची मी 'धाकटी', दिरांची 'वहिनी', नवऱ्याची 'अगं'. आईनं ठेवलेलं नाव तिकडं माहेरी, तेलगावलाच राहिलं.

पहिल्या बाळंतपणात दुसरा दिवस उजाडला तरी माझी सुटका होईना. गावच्या सुईणीनं हात टेकले. बीडच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई लिंबागणेशला कुणाच्या तरी बाळंतपणाला आल्यात असं कळलं, तेव्हा नवरा गाडी जुंपून त्यांना घेऊन आला. सासऱ्यांना ते अजिबात रुचलं नाही. मेंढरं राखणाऱ्या घरातली बालविधवा, दवाखान्यात झाडलोट करता करता काम शिकलेली, हैदराबादेला जाऊन परीक्षा दिलेली, आणि बोलावणं आलं की कुठल्याही वस्तीत, कुणाच्याही घरात शिरणारी. अशी बाई पाटलाच्या माजघरात येणार म्हणून ते ओसरीवर पाठ फिरवून बसले.

नर्सबाईंनी आल्या आल्या शेगडी बाहेर काढली, खिडकीवरचं पोतं ओढून टाकलं आणि कोपरापर्यंत साबणानं हात धुतले. खोलीत कोंडाळं करून बसलेल्या बायकांना बाहेर घालवलं. एकट्या सासूबाईंना तेवढं माझं डोकं मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. मग माझ्या तोंडाशी वाकून विचारलं, "नाव काय तुझं?"

सासूबाईंनी सासरचं नाव सांगितलं.

"ते न्हाई. आईनं ठिवलेलं."

मी सांगितलं. त्यापुढचा सगळा वेळ त्या मला त्याच नावानं हाका मारत राहिल्या. मध्येच माझी शुद्ध हरपायला लागली, माणसं, भिंती सगळं लांब गेलं, पण तेवढं नाव ऐकू येत होतं. मला वाटलं आई चुलीपाशी बसून बोलावतेय, आता ओ दिली नाही तर रागावेल. मी ओ दिली. मुलगा झाला, तो जगला आणि मीही जगले.

नंतर त्यांच्या हातावर पाणी घालताना सासूबाईंनी विचारलं, "म्हायेरचंच नाव कावून?"

"सासरच्या नावाला बाई डोळं उघडीत न्हाई," त्या म्हणाल्या. "लई बायका बघून शिकले मी."

दवाखान्याच्या उर्दू रजिस्टरात बापाचं नाव पडायचं, बाळंतिणीचं कुठंच नाही. ती सगळी नावं नर्सबाईंच्या डोक्यात. माझ्या दुसऱ्या खेपेला त्या चार वर्षांनी आल्या. अंगणात मला 'सूनबाई' म्हणाल्या आणि खोलीचं दार लागल्यावर बरोबर माझ्या नावानं हाक मारली. मधल्या काळात त्यांनी शेकड्यानं बायका सोडवल्या असतील. मला तर माझ्याच भाच्यांची नावं आठवत नाहीत.

चौसाळ्याला बाळंतिणींसाठी एक खोली असावी म्हणून त्या दर वर्षी सरकारात अर्ज द्यायच्या. कारकून दर वर्षी म्हणायचा, "ऊपर से हुक्म नई आया, बाई." निजामाचं राज्य गेलं, पहिली निवडणूक जाहीर झाली, तेव्हा नर्सबाईंनी नोकरीचा राजीनामा दिला आणि उभ्या राहिल्या. लोक विचारायचे, हे काय खूळ. त्या म्हणायच्या, "हुकूम वरून येतो म्हनत्यात, तर वर जाऊन बघते." गावात चेष्टा झाली. सासऱ्यांनी आणि आजूबाजूच्या पाटलांनी आपापल्या गावची मतं दुसऱ्या उमेदवाराला कबूल करून टाकली होती. नर्सबाईंच्या मागं होत्या त्या फक्त बायका. आणि त्या बायका यादीतच नव्हत्या.

म्हणजे झालं होतं असं. मतदारांची यादी करायला पटवारी घरोघर फिरत होता. बाई काही परक्या माणसाला आपलं नाव सांगत नव्हती आणि घरातला पुरुषही सांगत नव्हता. मग कागदावर पडायचं, अमक्याची बायको, तमक्याची आई. असं लिहिलेलं वर गेलं की कटायचं. हे कळल्यावर नर्सबाई पटवाऱ्याच्या मागं गावोगाव पायी फिरू लागल्या. प्रत्येक दारात तेच सांगायच्या, नाव सांगा, न्हाई तर मत जाईल. किती जणींनी सांगितलं, देव जाणे.

आमच्या दारात ते दोघं आले तेव्हा सासरे ओसरीवरच होते. आम्ही तिघी दाराआड. सासऱ्यांनी एका दमात सांगून टाकलं, "लिव्हा. माझी बायकू, थोरली सून, धाकटी सून."

"पाटील, अशानं नाव कटतंय," नर्सबाई म्हणाल्या.

"कटू द्या. आमच्या बायकांची नावं चावडीत वाचली जानार न्हाईत."

पटवारी घाईत होता. तो म्हणाला, "बाई, दोन्ही सुनांची बाळंतपणं तुमीच केलीत म्हनं. मग नावं ठाऊक असतील. तुमी सांगा, मी लिव्हतो."

दोन नावं म्हणजे त्यांची दोन मतं, आणि अशी नावं त्यांच्यापाशी अख्ख्या तालुक्याची होती. तोंड उघडायचा अवकाश, यादी भरली असती. निवडणूक त्यांच्या जिभेवर होती.

"ठाऊक हायेत," त्या म्हणाल्या. "पन मी सांगनार न्हाई. ज्याचं त्यानं सांगावं."

आणि त्या उन्हात उभ्या राहिल्या. पटवाऱ्यानं टाक शाईत बुडवला, पुन्हा पुसला. एवढी तोंडाळ मी, पण माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्याची लाज मला आजतागायत वाटते.

तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई उंबऱ्यापर्यंत गेल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्यांनी खणखणीत आवाजात एक नाव सांगितलं.

सासऱ्यांनी मान वळवली. "हे कुनाचं नाव?"

"माझं," सासूबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात सासऱ्यांना ते माहेरचं नाव ठाऊक नव्हतं. पटवाऱ्यानं नाव लिहून घेतलं, आणि मग कुठं माझा आवाज फुटला. मी माझं सांगितलं, माझ्यामागून जाऊबाईंनी त्यांचं. नर्सबाईंनी मान हलवली आणि पुढच्या घराकडं निघाल्या.

त्या थोडक्या मतांनी निवडून आल्या. हैदराबादेच्या विधानसभेत आमच्या भागातली बाई बसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. जायच्या आधी घरी आल्या आणि चुलीपाशी पाटावर बसून चहा प्यायल्या. मला राहवेना. मी विचारलं, "सासूबाई बोलल्या नसत्या तर तुमी आमची नावं सांगितली असती का?"

"न्हाई."

"पन पडला असता की तुमी."

"पडले असते," त्या म्हणाल्या. "मग दुसऱ्या दिशी बॅग उचलून कुनाच्या तरी बाळंतपनाला गेले असते. तिथं त्या बाईनं मला भरवशानं नाव सांगाया पायजे ना."