टाक कशात धरायचा?

आमच्या समितीचं काम तसं साधं होतं. सगळ्या संग्रहालयांना चालेल अशी एकच वर्गवारी ठरवायची : वस्तू कोणती, व्यक्ती कोण, स्थळ कुठलं. बहुतेक बाबतींत पटकन एकमत झालं. अडलो ते एका टाकापाशी. चांदीच्या पत्र्यावर उमटवलेला बाईचा चेहरा. कुण्या घरात अकाली गेलेली सून, पुढे देवांच्या रांगेत बसवलेली.

"वस्तूच," अध्यक्ष सुमतीताई म्हणाल्या. "चांदी आहे, वजन आहे. आणखी काय हवं?"

"घरचे तिला नैवेद्य दाखवायचे," पाटील सर हळूच म्हणाले. "वस्तूला भूक लागते का, ताई?"

सगळी दुपार त्यातच गेली. अखेर सर्वांनी माना डोलावल्या, वस्तू. मीही डोलावली.

"ठेवा आता डबीत," सुमतीताई म्हणाल्या.

वस्तूंसाठी आणलेली डबी उथळ होती, तळाशी मधोमध तेवढा खोलगा. टाक पालथा, चेहरा खाली करून घातला तरच झाकण लागणार होतं. पाटील सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. कुणाचाच हात पुढे होईना. माणसं तोंडाने एक ठरवतात आणि आत कुठेतरी, न बोलता, सगळी मिळून दुसरंच ठरवून बसलेली असतात. अंगावर काटा आला तो त्या दुसऱ्या एकमताने.

टाक टेबलावरच राहिला, उताणा. आम्ही बाहेर पडलो. सुमतीताई सगळ्यांत मागे होत्या. दिवा मालवताना त्या वळल्या आणि रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "येते हं."

आत कोण आहे, असं आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.